पडद्याखालचं पाणी

वाटीतलं पाणी गढूळ होतं. कौशल्याने ती खिडकीपाशी नेली, उजेडात तिरपी धरली. गढूळच.

“नळच नाही आला जी आज,” प्रयोगशाळेच्या मोरीपाशी उभ्या असलेल्या भीमाबाई म्हणाल्या. “तोंड धुवाले पाणी नाही, वाट्या कशानं धुवाव? नाही त तुम्ही येतपर्यंत साऱ्या धुऊन राहतेत.”

दीड वर्षात कौशल्याने वाटी कधी पाहिलीच नव्हती. ती पाहायची वाटीवरचा पडदा, बारीक छिद्रांचा. संध्याकाळी ती पडद्यावर कर्करोगाच्या पेशी सोडायची. सकाळी भीमाबाई पडदे स्पिरिटमध्ये घालायच्या आणि वाट्या धुवायच्या. मग कौशल्या पडदा रंगवून खालच्या बाजूला चिकटलेल्या पेशी मोजायची. जेवढ्या चिकटल्या, तेवढ्या पार झाल्या.

पेशीत सर्वांत मोठं आणि टणक असतं ते केंद्रक. छिद्रात अडतं ते तेच. पेशीच्या अंगावरचे ग्राही हातांसारखी पकड घेतात, ती ओढ आत केंद्रकापर्यंत पोचते आणि ते लांबुळकं होऊन पलीकडे निसटतं. हे हात बांधले तर केंद्रक अडकेल, रोग जागचा हलणार नाही, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, गणपतराव सरांचं, म्हणणं. हात बांधणारं औषध त्यांनीच तयार केलं. ते घातलं की पडद्याची खालची बाजू स्वच्छ निघे. प्रत्येक वेळी.

सरांच्या मानेत गाठ निघाली होती. कौशल्याचे आकडे पाहून त्यांनी दिवाळीपासून ते औषध स्वतःलाच टोचून घ्यायला सुरुवात केली. धंतोलीत, मित्राच्या दवाखान्यात, दर शनिवारी अकराला. आज सातवं इंजेक्शन.

कौशल्याने त्या गढूळ, औषधाच्या वाटीतला थेंब काचेवर घेतला, रंग टाकला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पेशींची झुंबड होती. केंद्रकं लांब, मध्येच आवळलेली. छिद्रातून गेल्याची खूण अंगावर होती. काही तर दुभंगून एकाची दोन होऊ लागली होती. पेशी थांबल्या नव्हत्या. केंद्रक ओढून न्यायला दोनचार मोकळे हात पुरले होते. पडद्याला धरून राहायला मात्र पुरले नव्हते. म्हणून त्या खाली सुटल्या होत्या. इथे खाली पाणी होतं. सरांच्या अंगात रक्त होतं.

तिने शेजारची, बिनऔषधाची वाटी पाहिली. नितळ. तिथल्या पार झालेल्या पेशी पडद्यालाच धरून राहिल्या होत्या.

ती ऑफिसातल्या फोनकडे धावली. अकराला वीस मिनिटं कमी होती.

“सर, आजचं घेऊ नका!”

ते हसले. “अगं, डॉक्टरांना लग्नाला जायचंय. दहालाच टोचून गेले. का गं?”

“पेशी अडत नाहीत, सर. पार होऊन वाटीत पडतायत. जिवंत.”

सर म्हणाले, “किती? मोजून सांग.”

ती वाट्यांपाशी परतली. भीमाबाई मोरीपाशीच होत्या.

“औषधाची वाटी रोजच अशी गढूळ असायची?”

“रोजच. दुसरी साफ राहे.”

“मग बोलला का नाहीत?” तिचा आवाज चढला. “एवढे दिवस नुसत्या धूत राहिलात? तिकडे एका माणसाचा जीव चाललाय!”

भीमाबाईंनी नजर खाली केली नाही.

“सांगतलं होतं जी. दिवाळीच्या आधी, दोनदा. तुम्ही म्हणाल्या, तुमचं काम धुवाचं हाये, पाहाचं नाही.”