बुटांची तोंडं

प्रश्न आला तेव्हा माल-सुन मुळ्याच्या फोडी करत होती. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला होता. आज विचारायची पाळी ‘पांढऱ्या सशा’ची. हा ससा गटात नवा होता. नाव सांगत नव्हता, पण खाणीवर न्यायच्या जेवणाच्या डब्याला कोणत्या रंगाचं फडकं बांधायचं हे त्याने काल अचूक सांगितलं होतं. म्हणजे गावातलाच कुणीतरी.

कोळशाची खाण बंद पडली आणि गाव चहूकडे पांगलं, तरी मोबाइलवरचा हा खेळ सगळ्यांना धरून होता. रोज संध्याकाळी एक प्रश्न. उत्तर देणाऱ्याला गुण आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा मान. खाणीच्या तोंडाशी दिवे वाटणारा प्यो दादा आता इथे पहारा द्यायचा. गावाबद्दलच्या उत्तराला दोन साक्षी हव्यात ही त्याची अट, आणि ऐकीव गोष्टीला तो थारा देत नसे. ओढ्याचं काळं पाणी कधी निवळलं यावरून त्याने सख्ख्या मेहुण्याचे गुण कापले होते. माल-सुनचे गुण मात्र कधीच कापले गेले नव्हते. ठाऊक नसलं की ती सरळ गप्प बसायची.

आजचा प्रश्न सोपा निघाला. खाणीवर जाणाऱ्याच्या बुटांची तोंडं घराच्या आत करून का ठेवायची? धडाधड उत्तरं आली. माणूस घरी परत यावा म्हणून. हे आमच्या मांजरालाही ठाऊक आहे, असं शेजारच्या चांग-गूच्या आईने लिहिलं, आणि बरेच जण हसले.

मग सशाने पुढचं लिहिलं.

“एका मुलीला शाळेत शिकवलं, की मोठ्यांचे बूट तोंड बाहेर करून ठेवावेत, म्हणजे त्यांना सोपं जातं. तिने पहाटे बापाचे बूट पुसले, तसे ठेवले आणि परत जाऊन झोपली. त्या दिवशी बाप वर आला नाही. कुणामुळे?”

माल-सुनने सुरी खाली ठेवली.

बूट पुसलेले होते, हे तिच्याशिवाय आणखी एकाच माणसाला ठाऊक असणार होतं.

बूट आत तोंड करून ठेवले की माणसाला ते खोलीकडे तोंड करूनच चढवावे लागतात. तिचा नवराही रोज तसा उभा राहायचा, झोपलेल्या लेकीकडे बघायचा आणि मग वळायचा. त्या दिवशी त्याने पाय सरळ बुटांत घातले आणि पाठमोराच निघून गेला. माल-सुनने ते पाहिलं होतं. तिच्या हातात भाताची पळी होती, आणि भात करपायला आला होता.

दुपारी खाणीच्या तोंडाशी, कामगारांच्या सगळ्या चाळीदेखत, तिने हंबरडा फोडून विचारलं होतं, बूट कुणी फिरवले म्हणून. एकदाच. तेव्हा लेक, मी-रान, तिच्या घागऱ्याचं टोक धरून उभी होती. पुढे तो विषय घरात निघाला नाही. पोर विसरली, असं माल-सुनने धरून चाललं होतं. मी-रानचं लग्न झालं, ती बुसान शहरात गेली, सणासुदीला फोन करून गुडघ्यांची चौकशी करायची. आणि इतकी वर्षं हे ओझं एकटी वाहत होती.

ती एका बोटाने, सावकाश लिहू लागली.

“कुणामुळेच नाही. आतले लाकडी टेकू कुजले होते, म्हणून छत खाली आलं. पोर परत झोपल्यावर आईने बूट पुन्हा आत वळवले होते. तो रोजच्यासारखा उभा राहिला, पोरीकडे बघून हसला आणि मग गेला.”

पहिलं वाक्य खरं होतं, दुसरंही. बाकीचं तिने आयुष्यात पहिल्यांदाच रचलं होतं.

ससा लगेच लिहिता झाला. “मग आईने सगळ्यांसमोर तसं का विचारलं?”

“डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं. आपणच वळवले हे तिला आठवेना. मागाहून आठवलं, पण सांगायचं राहून गेलं. फार चुकलं तिचं.”

तेवढ्यात प्यो दादाचं नेहमीचं आलं. “साक्षी?”

माल-सुनला त्याचा मनस्वी राग आला. पहाटेची वेळ, तिचं स्वतःचं घर. तिथे साक्षी कुठून आणायच्या? आता गुण जाणार याचं तिला काही नव्हतं. पण साक्षीवाचून ते उत्तर खोटं ठरणार होतं, आणि तेही लेकीच्या डोळ्यांदेखत.

प्यो दादाच पुढे लिहीत होता. “एक मी. दिवा घ्यायला आला तेव्हा मला म्हणाला, पोर गाढ झोपली होती, तिला बघून निघालो.”

माल-सुनने डोळे पुसून पुन्हा वाचलं. अपघाताच्या त्या महिन्यात प्यो दादा पाय मोडून तालुक्याच्या दवाखान्यात पडला होता. त्याचा डबा तीच पोचवायची, मी-रानला बरोबर घेऊन.

खाली चांग-गूच्या आईची ओळ उमटली. “दुसरी मी. अगं मी-रानच्या आई, तुझ्या दारासमोरच्या नळावर पाणी भरत होते मी. दार उघडं होतं. तू बूट वळवलेस ते मी पाहिलं.”

दारासमोर नळ आला तो अपघातानंतरच्या उन्हाळ्यात. त्याआधी अख्खी चाळ खालच्या विहिरीवरून पाणी आणायची, आणि मी-रान आपली छोटी बादली घेऊन आईच्या मागे चालायची. हे ती विसरणं शक्य नव्हतं.

ससा काहीतरी लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. माल-सुन ओले हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मग उत्तर आलं.

“बरोबर. साक्षीही बरोबर. उद्याचा प्रश्न तू विचार, आई.”