बारा पट्ट्या शिसं

"काका, अजून एक पट्टी लागेल," मुलगी हळूच म्हणाली आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

मेकॅनिक गाडीशेजारी उकिडवा बसला होता. एकाच माणसाची ती निमुळती शर्यतीची गाडी. तिची बैठक काढून त्याने बाहेर ठेवली होती आणि आत तळाला शिशाच्या अकरा पट्ट्या बोल्टने आवळलेल्या दिसत होत्या. एकेक पट्टी एकेक किलोची. हंगामाच्या पहिल्या शर्यतीला दोनच होत्या. आज आठवी शर्यत, शेवटची. सोळा वर्षांची ही पोर तीन गुणांनी पहिली होती.

नियम साधा. गाडी आणि चालवणारा मिळून पाचशे सत्तर किलोच्या खाली भरता कामा नये. चालवणारा हलका असला, तर कमी पडेल तेवढं शिसं गाडीत घालायचं. पोर जेवढी उतरली, तेवढं शिसं चढलं. काट्यावर आकडा दर वेळी तोच, मग कुणाला काय खटकणार? कागदावर सगळं कसं जागच्या जागी.

खटकत होतं ते एकट्या मेकॅनिकला, कारण पट्ट्या तो बसवत होता. आणि दुसरंही कारण होतं. हंगामाच्या सुरुवातीला असंच काम करता करता तो तिला सहज बोलून गेला होता, "माणूस उंच बसतो, शिसं जमिनीलगत बसतं. तुझ्यातले दोन किलो मला शिशात दिलेस ना, तर वळणावर गाडी खिळल्यासारखी बसेल बघ." सगळे हसले होते. तीही हसली. तिच्या बाबांनी तर ते वाक्य दिवसभर ज्याला त्याला ऐकवलं. जिभेला काय, हाड थोडंच असतं. त्यानंतर पोरीने आपल्या डोळ्यांदेखत एक घास खाल्ल्याचं मेकॅनिकला आठवत नव्हतं.

"सकाळपासून काय खाल्लंस?" त्याने विचारलं.

"शर्यत झाली की खाणार आहे."

"गेल्या वेळीही हेच सांगितलंस."

"गेल्या वेळी जिंकले पण ना मी."

त्याने पाना खाली ठेवला. "ही पट्टी मी नाही बसवणार. पुरे झालं आता. तेव्हा बोललो ते चुकलं माझं, बाळा. गंमत केली होती मी."

"नाही बसवलीत तर गाडी कमी भरेल आणि मला बाद करतील," ती शांतपणे म्हणाली. "तेवढंच होईल, काका. त्याने मी काही जड होणार नाही."

हे मात्र खरं होतं. नियमाला हलकी गाडी कळत होती, उपाशी पोर कळत नव्हती. मेकॅनिकने बारावी पट्टी बसवली. बोल्ट आवळताना त्याला स्वतःच्या हातांची चीड आली, तरी त्याने तो नेहमीसारखाच पक्का आवळला.

तेवढ्यात बाबा आले. गळ्यात स्टॉपवॉच, हातात वजनांचा तक्ता. माणूस वाईट नव्हता. लेकीपायी आठही शर्यतींना कामावर रजा टाकून आलेला.

"बारा झाल्या?" ते खुशीत म्हणाले. "वा, मिस्त्री. बारा किलो तळाला म्हणजे आज वळणं आपलीच."

"साहेब, तक्ता राहू द्या. पोरीकडे बघा जरा. हंगाम सुरू झाला तेव्हा पन्नास किलोची होती. आज चाळीस आहे."

"वाढीचं वय आहे. उंची वाढली की अंग उतरतंच." त्यांनी लेकीकडे पाहिलं. अंगात जाड सूट, डोक्यावर आत्ताच चढवलेलं हेल्मेट, दिसणार काय? "काय गं, बरी आहेस ना?"

हेल्मेट होकारार्थी हललं. झालं, बाबांचं समाधान झालं.

बैठक जागेवर बसली, ती आत बसली आणि तिघाचौघांनी गाडी ढकलत काट्यावर नेली. मागे पाच गाड्यांची रांग होती. अधिकाऱ्याने आकडा वाचला, पाचशे सत्तर आणि वर पाव किलो, आणि मान वर न करता शिक्का मारला. "बरोबर. उतरा, पुढची घ्या."

अशा गाडीला दार नसतं. दोन्ही कडांवर तळवे टेकायचे आणि हातांच्या जोरावर स्वतःला वर उचलायचं. तिने तळवे टेकले. कोपरं थरथरली. ती चार बोटं वर आली आणि परत खाली बसली. पुन्हा टेकले, पुन्हा बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "आटपा की."

मेकॅनिक पुढे झाला, पण बाबा जवळ होते. "पाय अडकला वाटतं," असं हसत म्हणत ते वाकले. त्यांनी तिच्या काखेत हात घातले, पाय रोवले आणि सोळा वर्षांच्या मुलीला उचलायला लागेल तेवढा जोर लावला.

जोर फार झाला. ती एकदम वर आली आणि तिच्यासकट बाबा दोन पावलं मागे कोलमडले. कसेबसे सावरले. आपसूक त्यांचा एक हात तिच्या गुडघ्यांखाली गेला. जाड सुटातूनही हाताला हाडं लागली. चेहऱ्यावरचं हसू पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मेकॅनिकने रिकामी गाडी ढकलून बाजूला घेतली. काटा मोकळा झाला, तरी बाबा तिथेच, वाटेत उभे.

"बाबा, खाली ठेवा ना," ती हेल्मेटमधून म्हणाली. "सगळे बघतायत. शर्यत आहे माझी."

बाबांना ऐकू गेलं. त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.