खिडकीतलं भांडण

घोरता घोरता ह्यांचा झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जिभेचे आणि घशाचे व्यायाम दिले. जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, मग टाळूला घट्ट, मग गाल फुगवायचे. रोज आरशासमोर वीस-वीस वेळा. उजेड हवा म्हणून ह्यांनी छोटा आरसा खिडकीच्या गजाला टांगला. व्यायामासाठी चष्मा काढला की ह्यांना समोरच्या घराची खिडकीही दिसत नाही. तिथे राहणाऱ्या, घड्याळांचं दुकान असलेल्या घड्याळवाल्यांना मात्र हे अगदी स्वच्छ दिसत होते.

चौथ्या दिवशी घड्याळवाल्यांनीही जीभ काढली. ह्यांनी गाल फुगवले, तर त्यांनी दुप्पट फुगवले. माणूस आपल्या धंद्यासारखाच वक्तशीर. सकाळी सातच्या ठोक्याला खिडकीत हजर, आणि ह्यांच्या एकेका वाकुलीला उत्तर दिल्याशिवाय हलायचं नाव नाही.

तीन महिन्यांत ह्यांना शांत झोप लागायला लागली. मला आधी हसू आवरत नव्हतं, पण आता लाज वाटायला लागली. शेवटी घड्याळवाल्यांच्या बायकोला मी भाजीच्या दुकानात गाठलं.

"वहिनी, गैरसमज झालाय हो. आमचे हे वाकुल्या दाखवत नाहीत, घोरण्यावरचा व्यायाम करतात. भावजींना सांगून टाका, म्हणजे भांडण मिटेल."

वहिनींनी हातातला टोमॅटो खाली ठेवला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"तरीच म्हटलं, महिनाभर आमच्या घरात घोरणं कसं नाही! अहो, त्यांना काही बोलू नका. व्यायाम आहे म्हणून कळलं, तर उद्यापासून बंद करतील!"