नऊ किलो

चार चाकं, दोन बॅटऱ्या, एक मोटर. लातूरच्या कॉलेजची रेसची इलेक्ट्रिक गाडी रिकामी एकशे वीस किलो भरली होती. ड्रायव्हर आम्रपालीसकट एकशे बहात्तर. किशननं दोन महिने खपून सांगाडा नव्यानं बांधला. आता आम्रपालीसकट काटा एकशे त्रेसष्टवर थांबला.

"नऊ किलो उतरवले," किशन म्हणाला. "टीव्हीवरच्या रेसवाल्यांना बी जमलं नसतं."

"मंग पेढे आण," आम्रपाली हसली.

"जेवलीस का? पाण्यावाचून होस्टेलची मेस अजून बंदच हाय ना?"

"जेवले की. तू गाडीचं बघ."

सरावाच्या पहिल्याच फेरीत ती स्टेअरिंगवर कोसळली. तिला दवाखान्यात पोचवून परतल्यावर किशननं रिकामी गाडी काट्यावर चढवली.



एकशे वीस किलो.