कंठातलं हाड

"कंठातलं हे हाड जिवंतपणी मोडलं असतं, तर भोवती रक्त साकळलं असतं ना, डॉक्टर? तुमच्या अहवालात रक्ताचा उल्लेखच नाही," आरोपीचा वकील म्हणाला.

साक्षीच्या पिंजऱ्यात डॉ. श्रीनिवास अहवालाची पानं चाळू लागले. मागच्या बाकावर कृष्णा निश्चिंत बसला होता. शवागारात पोस्टमॉर्टेमची चिरफाड अठरा वर्षं तोच करत आला होता. डॉक्टरसाहेब दाराशी उभे राहून लिहून घ्यायचे. साहेबांच्या हाताची शहरभर ख्याती होती. हात मात्र कृष्णाचा होता, आणि त्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

जिच्या खुनाचा हा खटला होता, त्या वाळूजच्या मोनिकाचा गळा त्यानं सगळ्यात शेवटी उघडला होता. डोकं आणि छाती आधी मोकळी केली की रक्त निथळून जातं, मग गळ्यात दिसतं ते खरं. हे साहेबांनीच शिकवलेलं. "साहेब, हाड मोडलंय. भवती रक्त साकळलंय, लिवा," असं तो दोनदा म्हणाला होता. साहेब फोनवर होते.

तिचा नवरा, आजचा आरोपी, म्हणत होता, तिनं फास घेतला. कृष्णानं बाहेर येऊन तिच्या आईला, मालनबाईला, सांगून टाकलं, "मावशी, गळा दाबलाय पोरीचा. नवरा सुटत नाय आता." असं सांगायचं नसतं. पण त्याला राहवलं नाही. त्या एका वाक्यावर ती बाई दोन वर्षं दर तारखेला फुलंब्रीहून येत होती. येताना कृष्णासाठी भाकरी-ठेचा बांधून आणायची. आजही ती त्याच्या शेजारीच बसली होती, त्याचा दंड धरून.

"लिहायचं राहून गेलं," एवढंच साहेबांनी म्हणायला हवं होतं. बस्स.

साहेबांनी चष्मा पुसला. मागं पाहिलं नाही.

"चिरफाड आमचा कर्मचारी करतो," ते म्हणाले. "हाड काढताना त्याच्या हातून मोडलं असण्याची शक्यता आहे."

वकील समाधानानं खाली बसला. या माणसाला कृष्णानं देव मानलं होतं. उठून ओरडावं, खोटं आहे म्हणून सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण साक्षीदारांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

त्याच्या दंडावरचा हात सुटला. मालनबाई बाकावर दूर सरकली होती.

"कृष्णा," ती हळूच म्हणाली, "माझ्या लेकीचा गळा तू मोडला व्हय रं?"