तात्पुरतं कुंपण

"वहिनी, मोजणीचे साहेब पाहणीला येईपर्यंतच हो!" म्हणत शेजारच्या बाबलकाकांनी सामाईक विहिरीकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवर गिरिपुष्पाच्या काठ्या रोवल्या.

"तोडलेल्या काठ्या त्या, उन्हाळ्यात वाळून जातील," मी आईची समजूत घातली. ती लांबच्या नळावरून पाणी आणू लागली.

साहेब आले ते थेट मे महिन्यात. तोवर काठ्यांना फांद्या फुटून दाट कुंपण झालं होतं.

"हे तर जुनंच दिसतंय. वाट कुठाय?"

"नव्हतीच कधी," काका म्हणाले. साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

ते गेल्यावर मी काठ्यांच्या बुडाशी वाकले. सगळं परस भेगाळलं होतं. तिथली माती मात्र ओली होती.

मागे मोरीवर आई भांडी विसळत होती. तिने डोक्यावरून आणलेलं पाणी ओघळत कुंपणाकडे येत होतं.