जुनं देऊन नवं

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या नव्या फ्लॅटसाठी मृदुला मोबाइलवर जे जे मागवायला जाई, ते एका बाईने आधीच घेतलेलं असे. रिव्ह्यूखाली नाव नसे, नुसतं 'ग्राहक, म्हैसूर'. फोटोत तेच पडदे, तोच दिवा. पण तिच्या घरात त्यांना अशी काही शोभा येई, की मृदुलाचा जळफळाट होई.

"मेली पडद्यांना रोज इस्त्री करत असेल," ती नवऱ्याला म्हणायची. उपेंद्र मान वरसुद्धा करायचा नाही.

आज दुपारी सोफ्याच्या रिव्ह्यूतही तीच! पाच तारे. 'जुनं देऊन नवं घेतलं. घरचे खूश आहेत.'

मृदुलाने चडफडत फोटो मोठा केला. सोफ्यावर उपेंद्र मनमोकळं हसत होता. त्याला रेलून लेक इरा बसली होती, समोरच्या दाताच्या जागी खिंडार. तो दात सकाळीच पडला होता.

भीती नंतर वाटली. आधी मनात आलं, माझ्या घरात ही दोघं अशी कधी हसली?

बेल वाजली. दारात दोन माणसं माणसाएवढं रिकामं खोकं घेऊन उभी होती.

"एक्सचेंज पिकअप, मॅडम."

"सोफा मी अजून घेतलेला नाही."

"सोफा नाही," म्हणत एकाने मोबाइलमधला फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला.

आतल्या खोलीतून इरा ओरडली, "आई, न्यायला आले गं!"

मृदुला तोंड उघडणार, तोच आतून कुणा बाईने लाडाने उत्तर दिलं, "आले का? बरं झालं, बाळा."